पुण्यात चालू बांधकामातला फ्लॅट घ्यायचाय? मग सॅम्पल फ्लॅट सगळ्यात शेवटी बघा

दर दोन-तीन महिन्यांनी घरातल्या नाहीतर ऑफिसमधल्या कुणाचा तरी फोन येतोच, की अरे काल पुनावळ्याला एक प्रोजेक्ट बघून आलो, काय मस्त सॅम्पल फ्लॅट आहे, आणि आज संध्याकाळपर्यंत टोकन दिलं तर स्क्वेअर फूटला दोनशे रुपये कमी करतायत, देऊन टाकू का? मी म्हणतो थांब, आधी जेवून घे. मग तेच सगळं पहिल्यापासून सांगत बसतो. मागच्या आठवड्यात मावसभावाला फोनवर दीड तास सांगितलं आणि बायको म्हणाली एकदा लिहूनच का ठेवत नाहीस. तर हे ते.

मी वकील नाही, एजंट तर अजिबात नाही. स्वतः एक फ्लॅट घेतला आणि त्यात बऱ्यापैकी पोळून निघालो, त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या सात-आठ जणांबरोबर फिरलो, एवढंच भांडवल. खालचं सगळं पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या आजूबाजूच्या वाढत्या भागाबद्दल आहे, म्हणजे वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, मोशी, हिंजवडी, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी, नांदेड गाव, उंड्री, असा सगळा पट्टा. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. लोक आधी सॅम्पल फ्लॅट बघतात, त्याच्या प्रेमात पडतात आणि मग कागद वाचतात, आणि प्रेमात पडल्यावर कागदात काही दिसत नाही.

पायरी १ : आधी हद्द कुणाची ते बघा

जाहिरातीत "बाणेर एक्स्टेंशन" किंवा "न्यू वाकड" असं काहीही लिहितात. सातबाऱ्यावर गावाचं नाव काय आहे ते विचारा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका की पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), या तिघांपैकी बांधकाम परवानगी कुणी दिली यावर पुढचं बरंच काही ठरतं. हिंजवडी-माण म्हणजे एवढी आयटी कंपन्यांची गर्दी, तरी कारभार ग्रामपंचायतीचा आणि बांधकाम परवानगी पीएमआरडीएची. आणि पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला अजून २३ आली, वाघोली, म्हाळुंगे, सूस, नांदेड, किरकटवाडी, मांजरी बुद्रुक वगैरे त्यातली. गाव पालिकेत आलं म्हणजे दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं असं होत नाही, टॅक्सचं बिल मात्र वेळेवर येतं. सेल्सवाला "साहेब, कॉर्पोरेशन लिमिट आहे" असं छाती फुगवून सांगतो तेव्हा एवढंच विचारायचं, की कॉर्पोरेशनची पाण्याची लाईन गेटपर्यंत आलीय का आणि शेजारच्या सोसायटीला दिवसाला किती वेळ पाणी येतं.

पायरी २ : सकाळी सहाला जाऊन टँकर मोजा

ही पायरी मी कुणालाच सोडू देत नाही. शनिवार-रविवारी दुपारी साईटवर गेलात तर एसी ऑफिस, कॉफी आणि मोकळा रस्ता दिसणार. त्याऐवजी मंगळवारी-बुधवारी, शक्यतो एप्रिल-मे मध्ये, सकाळी सहा-साडेसहाला जा आणि तुमच्या प्रोजेक्टच्या शेजारी जी चार-पाच वर्षं जुनी सोसायटी आहे तिच्या गेटसमोर टपरीवर चहा घेत उभे रहा. मी ताथवड्यात मित्राबरोबर असाच उभा होतो, पाऊण तासात एकाच गेटमधून सात टँकर आत गेले. वॉचमनला विचारलं तर म्हणाला उन्हाळ्यात रात्री पण येतात, आणि मेंटेनन्समध्ये पाण्याचे वेगळे पैसे लावतात म्हणून मीटिंगमध्ये रोज भांडणं. ब्रोशरमध्ये त्याच सोसायटीच्या फोटोत कारंजं होतं.

बिल्डर परवानगी घेताना बऱ्याचदा हमीपत्र देतो की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. ते हमीपत्र मागा. पझेशननंतर ती जबाबदारी हळूच सोसायटीच्या गळ्यात येते, तेव्हा हा कागद हातात असलेला बरा. आणि पाणी किती हा एक प्रश्न झाला, कसलं हा दुसरा. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे हातापायातली ताकद जाते त्या नसांच्या आजाराची, साथ आली ती सिंहगड रोडच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागातच जास्त होती आणि सगळा संशय पाण्यावर होता, तेव्हापासून मी तर विहीर, बोअर, टँकर, नळ यातलं नक्की काय येतं ते विचारल्याशिवाय पुढे जातच नाही.

त्याच फेरीत ऑफिसच्या वेळेला तिथून तुमच्या कामाच्या जागेपर्यंत गाडी चालवून बघा. "हिंजवडी १० मिनिटं" हे रात्री अडीचला खरं असतं. मेट्रोच्या नावावर तर दर वाढवून बसलेत सगळे. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तीन नंबरची लाईन, २३ किलोमीटर आणि २३ स्टेशनं, भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं, आणि त्यानंतर किती तारखा पुढे गेल्या ते तुम्हीच आठवा. मेट्रो येणार नाही असं म्हणत नाही, पण जो भाग अजून सुरू झालेला नसेल त्याच्यासाठी आज पैसे किती द्यायचे ते ठरवा, आणि स्टेशन खरंच चालत किती लांब आहे ते फोनवर मोजा.

पायरी ३ : प्लॉटच्या शेजारी काय लपलंय

डीपी म्हणजे विकास आराखडा. त्यात तुमच्या प्लॉटला लागून कुठलं आरक्षण आहे ते बघायचं. आम्ही पुनावळ्यात राहतो त्याचंच उदाहरण. इथे कचरा डेपोचं आरक्षण आराखड्यात कित्येक वर्षं पडून होतं, आजूबाजूला टॉवरवर टॉवर उभे राहिले, लोकांनी कर्जं काढून फ्लॅट घेतले आणि मग कळलं की समोर काय येणारे. २०२३ मध्ये सोसायट्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे सरकारने अधिवेशनात तो रद्द करत असल्याचं सांगितलं. म्हणजे झालं चांगलंच, पण आरक्षण काही लपवलेलं नव्हतं, नकाशावर होतं, आम्ही कुणी नकाशा उघडला नव्हता. मीही नाही.

पूररेषा हा दुसरा विषय. निळी रेषा आणि लाल रेषा. निळीच्या आत नदीच्या बाजूला बांधकाम चालत नाही, निळी ते लाल मध्ये अटी असतात. "रिव्हर व्ह्यू" हा शब्द दिसला की मी आधी पूररेषा विचारतो. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पालिकेने जेसीबी लावून पाडले, हरित लवादाचा आदेश होता, सुप्रीम कोर्टातही लोकांना दिलासा मिळाला नाही. त्यातल्या लोकांनी पैसे मोजूनच घेतलं होतं ना सगळं. आणि जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकता नगरीत पहाटे घरात पाणी शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

तिसरं, देहूरोडच्या दारूगोळा डेपोचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला पट्टा. डेपोच्या हद्दीपासून २००० यार्ड. तळवडे, रुपीनगर, निगडी, किवळे या बाजूला काही घेत असाल तर सर्व्हे नंबर त्या रेषेच्या आत की बाहेर हे लेखी घ्या, तोंडी नाही. बाकी टेकडीवरचं बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, विमानतळाजवळची उंचीची मर्यादा, हायटेन्शन वायर, नाला. नाला विशेष करून बघा कारण पुण्यात बिल्डर लोक नाल्याला "गार्डन एज" म्हणतात.

पायरी ४ : महारेराची साईट, निवांत एक संध्याकाळ

रेरा म्हणजे बिल्डरवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा, आणि त्यासाठी महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण सुरू. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. त्यामुळे "प्री-लाँच", "ईओआय" (म्हणजे नुसती इच्छा कळवा म्हणून घेतलेले पैसे), "फक्त फॅमिली अँड फ्रेंड्ससाठी" असलं काही आलं तर सरळ नमस्कार करून निघा. तुम्ही त्याची फॅमिली नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड लागतो, तो स्कॅन केला की प्रोजेक्टचं पान उघडतं. एजंटचा पण नोंदणी नंबर विचारा, त्यांनाही आता परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

पान उघडल्यावर लोक फक्त हिरवी टिक बघतात आणि खूश होतात. नोंदणी म्हणजे सरकारने तपासून शिक्का मारला असं नव्हे, बिल्डरने स्वतःबद्दलची माहिती जाहीर केलीय एवढाच त्याचा अर्थ. ती माहिती वाचायचं काम आपलं. बघायचं काय तर, नोंदणी तुमच्याच बिल्डिंगची आहे की दुसऱ्या फेजची, कारण प्रत्येक फेजचा नंबर वेगळा असतो आणि स्विमिंग पूल, क्लब हाऊस बऱ्याचदा शेवटच्या फेजमध्ये ढकललेला असतो. मग मंजूर मजले किती आणि प्रस्तावित किती. विकतायत तो २४ वा मजला आणि परवानगी आज १६ पर्यंतच असं सर्रास असतं. तुमचा मजला मंजूर असेल तरच पुढे बोला. मग कोर्ट केसेस, मग जमिनीवर बोजा, मग दर तीन महिन्यांचा प्रगती अहवाल आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांची सर्टिफिकेटं. त्याच बिल्डरचे जुने प्रोजेक्ट पण काढा आणि मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख शेजारी शेजारी लिहा. हे पाच मिनिटांचं काम बिल्डरच्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त सांगून जातं.

तारखेवरून माझंच सांगतो. २०१९ ला बुक केला तेव्हा सेल्स ऑफिसमध्ये मला सांगितलं डिसेंबर २०२१ ला किल्ली. बायकोने डायरीत लिहून ठेवलं, आम्ही त्या हिशोबाने पोराची शाळा सुद्धा ठरवली. महारेरावर तारीख होती डिसेंबर २०२२, ॲग्रीमेंटमध्ये पण तीच, मी वाचली पण म्हटलं ते असंच कायद्यापुरतं असेल. किल्ली मिळाली ऑक्टोबर २०२३ ला. म्हणजे आमच्या डायरीप्रमाणे २२ महिने उशीर, घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू. वकिलाकडे गेलो तर तो म्हणाला की डिसेंबर २०२१ कुठे लिहिलंय का, कुठेच नाही. आणि कोरोनामुळे सगळ्या प्रोजेक्टना महारेराने दोन वेळा मिळून वर्षभराची मुदतवाढ दिली होती, म्हणजे कागदावर तारीख डिसेंबर २०२३. "त्यांच्या हिशोबाने तुम्हाला दोन महिने लवकर मिळालाय" असं तो हसून म्हणाला आणि फी घेतली नाही. तेव्हापासून मी तोंडी तारीख ऐकतच नाही. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेली तारीख हीच तारीख, ती परवडत असेल तर घ्या.

पायरी ५ : जमिनीचे कागद, इथे वकील करा

सातबारा ऑनलाइन दिसतो, महाभूलेखवर. इतर हक्काचा रकाना वाचा, तिथे कूळ, बँकेचा बोजा, वारसाचा वाद, असं काहीबाही सापडतं. फेरफार, एनए म्हणजे बिगरशेतीचा आदेश, मालकी तपासणारा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, जमीन मालक आणि बिल्डरमधलं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट, कुलमुखत्यारपत्र, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मोठा प्रोजेक्ट म्हणजे २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण परवानगी, हे सगळं मागायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्याकडे बऱ्याच जमिनी शेतकरी कुटुंबांच्या, सात भाऊ, चार बहिणी, एखाद्या आत्याची सही राहिलेली असते आणि पाच वर्षांनी ती आत्या कोर्टात येते, तिचा हक्क असतोच ना. म्हणून डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट भागीदारीचं असेल तर मालकाच्या वाट्याचे फ्लॅट कुठले तेही विचारा, तुमचा फ्लॅट त्या वाट्यातला असेल तर ॲग्रीमेंटवर मालकाची सही लागते का ते वकिलाला बघू द्या.

वकील तुमचा पाहिजे, बिल्डरने सुचवलेला नाही. "बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय" हे ऐकून वकिलाचे दहा-पंधरा हजार वाचवणारे मी बघितलेत. बँक तिचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते, तिला तुमच्या पार्किंगचं, पाण्याचं काही पडलेलं नसतं.

पायरी ६ : कॉस्ट शीट, ओळ ओळ

समजा पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत ७५ लाखांचा फ्लॅट. स्टॅम्प ड्युटी पालिका हद्दीत सगळं धरून, म्हणजे स्थानिक कर आणि मेट्रो सेस मिळून, ७ टक्के, म्हणजे ५ लाख २५ हजार. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर १ टक्का सूट, म्हणजे ४ लाख ५० हजार, ७५ हजार वाचले, पण नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ही सूट गेली. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. जीएसटी चालू बांधकामाला ५ टक्के, ३ लाख ७५ हजार. म्हणजे ७५ चे झाले ८४ लाख ३० हजार, आणि अजून मेंटेनन्स, लीगल चार्ज, क्लब हाऊस, एमएसईबी मीटर हे यायचंय. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या रेडी फ्लॅटला जीएसटी नाही, त्यामुळे रेडी महाग आणि चालू स्वस्त हा हिशोब वाटतो तितका सरळ नसतो, भाडं आणि व्याज धरून पुन्हा मांडून बघा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ४५ लाखांपर्यंतच्या घराला जीएसटी १ टक्काच आहे, पण त्याला क्षेत्रफळाची अट आहे आणि ती मुंबईत ६० चौरस मीटर कार्पेट, आणि पुण्याला ९० चौरस मीटर, कारण या नियमात पुणे मेट्रो शहरात धरलेलंच नाही. ९० म्हणजे जवळजवळ ९६९ स्क्वेअर फूट, ४५ लाखांत एवढा मोठा फ्लॅट कुठे मिळणार, म्हणजे पुण्यात अडचण फक्त किमतीची. मोशी, चऱ्होली, वाघोलीच्या पुढे अशी घरं अजून असतात. किंमत ४५ च्या जरा वर जात असेल तर पार्किंग, इन्फ्रा चार्ज धरून नक्की किती धरतायत ते विचारा, पण व्हाईट-ब्लॅकच्या भानगडीत पडून किंमत कमी दाखवू नका, पुढे विकताना त्याचा टॅक्स तुम्हीच भरणार.

फ्लोअर राईज, पीएलसी म्हणजे गार्डन फेसिंगचे जादा पैसे, हे सगळं घासाघीस करण्यासारखं. स्टॅम्प ड्युटी, जीएसटी घासाघीस करण्यासारखं नाही, "जीएसटी फ्री" म्हणतात तेव्हा तो किमतीतच घातलेला असतो.

पायरी ७ : आता जा सॅम्पल फ्लॅट बघायला

एक टेप घेऊन जा, पाच मीटरचा, सुताराकडे असतो तसला. सॅम्पल फ्लॅटमध्ये बेड सहा फुटाऐवजी साडेपाच फुटाचा असतो, दारं काढून टाकलेली असतात, आतल्या भिंतीच्या जागी कधी कधी काच असते, आरसे तर सगळीकडे. आमच्या सॅम्पल फ्लॅटच्या मास्टर बेडरूममध्ये कपाट होतं ते हाताने उघडून बघितलं तर खोली नऊ इंच, शर्ट अडकवायचा हँगर आडवा जात नव्हता. सेल्सची मुलगी म्हणाली सर हे फक्त डिस्प्ले आहे.

क्षेत्रफळ फक्त रेरा कार्पेट विचारा. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, टेरेस हे कार्पेटमध्ये येत नाही, आतल्या पार्टिशनच्या भिंती येतात. पुण्यात हल्ली "टोटल युझेबल" म्हणून बाल्कनी, ड्राय बाल्कनी सगळं मिळवून ७४० सांगतात आणि त्यात कार्पेट ६४० निघतं. ७४० म्हणजे ६८.७५ चौरस मीटर, ॲग्रीमेंटमध्ये चौरस मीटरमध्येच लिहिलेलं असतं, १०.७६४ ने गुणा आणि ताळा करा. सेलेबल, सुपर बिल्टअप असले शब्द कुणी वापरलेच तर तेवढ्यात उठलात तरी चालेल.

मंजूर नकाशावर तुमचा फ्लॅट बोट ठेवून दाखवायला सांगा. समोर जी मोकळी जागा आहे तिथे पुढच्या फेजचा टॉवर आहे का तेही त्याच नकाशात दिसतं. ते थर्मोकोलचं मॉडेल आणि त्यातली निळी नदी आणि लाइटवाली झाडं बघण्यात वेळ घालवू नका.

आणि पार्किंग. हे माझं दुखणं आहे त्यामुळे जरा जास्त लिहितो. उघडं पार्किंग आणि स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, तरी "पार्किंग अलॉटमेंट" नावाखाली काही ना काही चालू असतंच. २०२४ मध्ये महारेराने सांगितलं की पार्किंगचा नंबर, लांबी-रुंदी-उंची, नक्की जागा हे ॲग्रीमेंटला जोडलं पाहिजे. आमच्या वेळी नव्हतं ते. मला मिळालेल्या पार्किंगला दोन्ही बाजूला कॉलम, गाडी आत जाते, पण ड्रायव्हरकडचा दरवाजा चार इंच उघडतो. मी रोज गिअरवरून पाय टाकून बाजूच्या सीटवरून उतरतो, पन्नाशी जवळ आलीय, सोसायटीची पोरं बघून हसतात. वर ड्रेनेजचा पाइप आहे तो वेगळाच. तेव्हा नकाशात पार्किंगवर बोट ठेवा, आणि स्टॅक पार्किंग म्हणजे वर-खाली दोन गाड्यांचं असेल तर खालच्या गाडीच्या मालकाशी तुमचं आयुष्यभराचं नातं जोडलं जाणार हे लक्षात घ्या.

पायरी ८ : टोकन, अलॉटमेंट, ॲग्रीमेंट

१० टक्क्यांच्या वर पैसे ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाहीत. टोकन चेकने किंवा ऑनलाइन, रोख नाही, आणि पैसे प्रोजेक्टच्या महारेराला जाहीर केलेल्या खात्यातच. तुमच्याकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रोजेक्टच्या जमीन-बांधकामाला वापरायचे हा नियम आहे, तो पैसा दुसऱ्याच नावाच्या खात्यात गेला तर त्याचा काय उपयोग. अलॉटमेंट लेटर घेतल्यावर पहिल्या १५ दिवसांत मन बदललं तर महारेराच्या नमुन्याप्रमाणे काही कापायचं नसतं, उशीर होईल तसं थोडं थोडं कापतात, पण २ टक्क्यांच्या वर नाही. "टोकन नॉन-रिफंडेबल" छापलेलं दिसलं तर हे दाखवा.

ॲग्रीमेंटचा मसुदा ईमेलवर मागवा आणि महारेराच्या नमुन्याशी ताडून बघा. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी १२० पानं हातात देतात आणि म्हणतात सर स्टॅन्डर्ड आहे, सही करा, मागे रांग आहे. हप्त्यांचा तक्ता बघा, नमुन्यात प्लिंथ म्हणजे जोतं होईपर्यंत जास्तीत जास्त ४५ टक्के, सगळे स्लॅब होईपर्यंत ७०, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा पत्र (राहायला जायची सरकारी परवानगी) मिळून ताबा देताना. काही जण प्लिंथलाच ६०-६५ मागतात, तिथे थांबायचं. नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश घरमालकांची संमती लागते, ती "मी आताच आगाऊ देतोय" अशी ओळ मधेच कुठेतरी घुसवलेली असते, ती काढायला लावा. निघेलच असं नाही, पण लेखी मागितली होती एवढं तरी राहतं.

५० लाख किंवा जास्त किंमत असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर भरायचा, नवरा-बायको दोघांच्या नावावर असलं तरी एकूण किंमत धरतात. हे विसरलात की दोन वर्षांनी नोटीस येते व्याजासकट, आमच्या बिल्डिंगमध्ये कितीतरी जणांना आली.

पायरी ९ : बांधकाम चालू असताना आणि उशीर झाला तर

बिल्डरची डिमांड आली की बँक पैसे सोडते, पण त्या आधी साईटवर जाऊन खरंच तेवढा स्लॅब पडलाय का ते बघून फोटो काढा. महिन्यातून एक रविवार ठेवा. व्हॉट्सॲपवर शेजारच्या फ्लॅटवाल्यांचा ग्रुप लवकर बनवा, एकट्याने पाठवलेला मेल आणि साठ जणांच्या सहीचं पत्र यात फार फरक पडतो.

ॲग्रीमेंटमधली तारीख उलटली तर दोन रस्ते. बाहेर पडायचं तर सगळे पैसे व्याजासकट परत, किंवा थांबायचं तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला व्याज. व्याजाचा दर स्टेट बँकेचा सगळ्यात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. तक्रार महारेरावर ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि आधी समेट मंचाकडे जायची सोय पण आहे, तिथे बऱ्याच जणांचं जमून जातं. निकाल लागूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचा वॉरंट कलेक्टरकडे जातो, आणि तिथे मात्र तहसील ऑफिसच्या फेऱ्या माराव्या लागतात, हे गोड बोलून सांगण्यात अर्थ नाही.

दुकान किंवा ऑफिस घेत असाल तर थोडं वेगळं

सोसायटीच्या समोर खाली दुकानं आणि वर फ्लॅट असे प्रोजेक्ट आता सगळीकडे. दुकानाला जीएसटी बहुतेक १२ टक्के, पण पूर्ण प्रोजेक्टच्या कार्पेटमध्ये दुकानं-ऑफिसं १५ टक्क्यांच्या आत असतील तर ५, हे बिल्डरकडून लेखी घ्या कारण फरक लाखात जातो. बाईच्या नावाची स्टॅम्प ड्युटीतली सूट इथे नाही, ती घरापुरतीच. "महिन्याला खात्रीशीर भाडं" सांगून विकणारे भरपूर, ते भाडं पहिली दोन-तीन वर्षं तुमच्याच किमतीतून देतात की काय असा प्रश्न स्वतःला विचारा. आणि हॉटेलला भाड्याने द्यायचा विचार असेल तर एक्झॉस्टचा डक्ट, ड्रेनेज आणि गिऱ्हाईकाच्या गाड्या कुठे लागणार हे आधी बघा, नाहीतर वरच्या फ्लॅटवाल्यांबरोबर पहिल्या दिवसापासून भांडण. बिनपार्किंगच्या रस्त्यावर कोपऱ्याचं दुकान घेऊन बसलेला एक जण ओळखीचा आहे, तीन वर्षांत चार भाडेकरू बदलले.

पायरी १० : ताबा

भोगवटा पत्र आल्याशिवाय किल्ली घेऊ नका. "फर्निचरसाठी आधी देतो, साहेब" म्हणून फिटआउट पझेशन देतात आणि त्या पत्रावर छोट्या अक्षरात लिहिलेलं असतं की आम्हाला ताबा मिळाला, तक्रार नाही. सही केली की शेवटचे ५ टक्के पण गेले आणि उशिराचं व्याज पण थांबलं.

ताब्याच्या दिवशी एक बादली, एक गोटी आणि मोबाईलचा चार्जर न्या. बादलीभर पाणी बाथरूममध्ये आणि ड्राय बाल्कनीत ओतून उतार जाळीकडे आहे का बघा, गोटी टाइल्सवर सोडा, चार्जर प्रत्येक सॉकेटला लावा. नाण्याने टाइल्स वाजवा, पोकळ वाजली तर खडूने फुली. खिडकीच्या कोपऱ्यात ओल आहे का ते पावसाळ्यात ताबा असेल तर लगेच कळतं, उन्हाळ्यात पाइपने पाणी मारून बघा. सगळं लिहून, फोटोसकट, ईमेलवर. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, म्हणून हा मेल जपून ठेवा.

त्यानंतरची कामं कंटाळवाणी पण लगेच उरका. इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या ॲग्रीमेंटचा सरकारी उतारा, त्याची मूळ प्रत, वीज मीटर नावावर, प्रॉपर्टी टॅक्सला नाव. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो, आपोआप मिळत नाही, माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं पूर्ण टॅक्स भरला आणि मग कळलं. सोसायटीची नोंदणी ५१ टक्के बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत व्हायला पाहिजे, बिल्डर टाळतोच, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणाऱ्यांपैकी तीन-चार खमके लोक हेरून ठेवा आणि कन्व्हेयन्सच्या मागे लागा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होईपर्यंत. आमची कन्व्हेयन्सची फाईल अजून माझ्याकडेच आहे, पुढच्या गुरुवारी परत रजिस्ट्रारकडे जायचंय, जाताना गाडी पार्किंगमधून बाजूच्या सीटवर बसूनच काढणार.